तीस आयांचं बी: दुर्मीळ झाडांची रोपं पुढच्या उन्हाळ्यांसाठी कशी तयार करावीत

बी मागायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, सगळ्यात दणकट झाड कुठलं? त्याचंच बी द्या." आंब्याला, नारळाला ही रीत ठीक आहे, कारण तिथं आपल्याला फळ हवं असतं. पण बिबळा, शिसव, नरक्या, धूप अशी रानातून कमी होत चाललेली झाडं परत उभी करायची असतील आणि ती पुढची शंभर वर्षं टिकावीत असं वाटत असेल, तर ही रीत उलटी पडते. एका दणकट झाडाच्या बियांची हजार रोपं म्हणजे एकाच आईची हजार लेकरं. ज्या दुखण्यानं त्यातलं एक जाईल, त्यानंच बाकीचीही जाण्याचा धोका.

मी पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात रोपवाटिका चालवते. हे लिहितेय ते शाळांसाठी, तरुण मंडळांसाठी आणि ज्यांचा स्वतःचा पडीक डोंगरपट्टा आहे अशा शेतकऱ्यांसाठी. पैसा फार लागत नाही. चालायची तयारी आणि वही नीट ठेवायची सवय लागते.

आधी कारण समजून घ्या

उन्हाळा कडक झाला म्हणून झाड आपली जनुकं बदलत नाही. बदलते ती पुढची पिढी, आणि तीही निवडीतून. एका झाडाखाली उगवलेल्या शंभर रोपांत कुणाचं मूळ पहिल्याच पावसाळ्यात खोल जातं, कुणी पानं लवकर गाळून मे महिना काढतं, कुणी पाणथळ जागेत कुजतं तर कुणी तगतं. ऊन, पाऊस आणि कीड यातली बहुतेक रोपं मारून टाकतात. उरतात ती मोठी होऊन बी धरतात. झाडांचं हवामानाशी जुळवून घेणं मुख्यतः असंच चालतं. थोडा अपवाद सापडलाय. नॉर्वेत स्प्रूसच्या झाडांवर असं दिसलं की बी गरम हवेत तयार झालं, तर त्याच्या रोपांना हिवाळ्याआधीची कळी उशिरा येते. म्हणजे बी धरताना आईनं काढलेल्या हवेची काही आठवण लेकरात उतरते. पण त्यावर विसंबून रान उभं राहत नाही.

निवड व्हायची तर निवडायला काहीतरी हवं, म्हणजे रोपारोपांत फरक हवा. दुर्मीळ झाडांची खरी अडचण इथंच आहे. झाडं कमी उरली की त्यांच्यातली विविधता गळत जाते आणि जवळच्या नात्यातच बी धरलं जातं. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या दऱ्यांमध्ये १९९४ साली वोलेमी पाइन नावाचं झाड सापडलं. मोठी झाडं शंभराच्या आत, आणि त्यांच्या जनुकांत एकमेकांपासून जवळजवळ काहीच फरक नाही. २०१९-२० च्या वणव्यात ती वाचवायला आग विझवणारी पथकं खास पाठवावी लागली. उलट उदाहरण युरोपातल्या ॲश झाडाचं. बुरशीनं लाखो झाडं वाळली, पण शेकड्यात थोडीशी तगली, कारण मुळात फरक शिल्लक होता. आता पुढचं रान त्या थोड्यांवरच उभं करायचं चाललंय.

आणि आपल्याकडे झाडांना तोंड द्यायचंय ते फक्त उन्हाला नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या पाटण तालुक्यात त्याच पावसात दरडी आल्या. त्याच जिल्ह्यात माण-खटाव टँकरवर जगलेला आपण पाहिलाय. पुढची वर्षं नक्की कशी जातील हे ठाऊक नसताना एकच गुण बघून बी निवडणं म्हणजे जुगार.

बी कुठून घ्यायचं

सातारा-सांगलीच्या माणसाला यासाठी लांब जायला नको. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि तिथून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर म्हसवडकडे पाचशेच्या आसपास. सांगलीतही तेच, शिराळ्याचा चांदोलीकडचा भाग एकीकडं आणि जत-आटपाडी दुसरीकडं. ज्या झाडाचा पसारा घाटमाथ्यापासून पूर्वेच्या कोरड्या उतारांपर्यंत आहे, त्याच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या पिढ्यांची परीक्षा निसर्गानं आधीच घेतलेली असते.

उंचीचंही तसंच. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. म्हणजे दीड अंशाची वाढ ही अडीचशे मीटर खाली उतरण्यासारखीच. जगाचं सरासरी तापमान २०२४ साली औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा दीड अंशाहून जास्त भरलं. तेव्हा लावायच्या जागेपेक्षा दोन-अडीचशे मीटर खाली त्याच जातीची झाडं असतील, तर वरच्या रोपांना पुढं जो मे महिना सोसायचाय तो ती आजच सोसत आहेत. घाटमाथ्यावरच्या झाडांना तर वर सरकायला जागाच नाही, तिथं डोंगर संपतो. त्यांच्यासाठी खालून वर बी नेणं हाच उपाय.

माझं प्रमाण असं: निम्म्याहून बरंच जास्त बी लावायच्या जागेच्या आसपासचं, त्याच खोऱ्यातलं. साधारण पाव हिस्सा खालच्या किंवा पूर्वेकडच्या कोरड्या बाजूचा. उरलेलं शेजारच्या खोऱ्यातलं. कोरड्या बाजूचंच सगळं आणून लावू नका. तिथली झाडं आमच्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात मुळं कुजून जाऊ शकतात. शिवाय त्यांचा फुलायचा हंगाम पुढंमागं असला तर इथल्या झाडांशी त्यांचं जुळायचंच नाही. परराज्यातून कुरिअरनं येणारं बी मी घेत नाही. ते कुठल्या डोंगरावरचं आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आणि मर्यादा ओळखा. नरक्या हे सदाहरित रानातलं झाड. त्याचं कोरड्या बाजूचं बी म्हणजे त्याच्या पसाऱ्याच्या पूर्वेकडच्या काठावरचं बी. नरक्या नेऊन दहिवडीच्या माळावर लावणं हा हौशी खेळ झाला.

परवानगीचं सांगते. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या हद्दीत वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय बी काय, वाळलेलं पानही उचलायचं नाही. मालकीच्या रानात मालकाला विचारा. देवराईत गावाला विचारा, आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला कळवा. काही देवरायांतून काहीही बाहेर न्यायचं नाही अशी रीत असते, तिथं हात जोडून परत फिरायचं. देवराईबद्दल अजून एक. लोकांना वाटतं देवराईतलं बी म्हणजे सर्वात अस्सल. झाडं जुनी असतात हे खरं, पण दोन-चार एकराच्या राईत एका जातीची पाच-सहा झाडं असली तर ती बहुधा एकमेकांच्या नात्यातलीच. एका राईवर थांबू नका, दोन-तीन खोऱ्यांतल्या राया धरा.

किती झाडांचं घ्यायचं

इथं मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर काढा. समजा, दुष्काळ सोसायला उपयोगी पडणारं एखादं जनुकरूप रानात वीसात एक या प्रमाणात आहे. प्रत्येक झाडात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. पाच झाडांच्या म्हणजे दहा प्रती, आणि त्यातली एकही ते रूप घेऊन न येण्याची शक्यता ०.९५ चा दहावा घात, म्हणजे शंभरात साठ. पंधरा झाडं धरली तर शंभरात एकवीस. तीस झाडं धरली तर पाचाच्याही आत. म्हणून तीस. त्यापुढं झाडं वाढवून मिळणारा फायदा हळूहळू कमी होतो, पण मिळत असतील तर पन्नास घ्या.

हा हिशेब झाडं एकमेकांच्या नात्यात नाहीत असं धरून आहे. त्यासाठी दोन आयांमध्ये निदान शंभर मीटर अंतर ठेवायचं. शिसवाच्या बाबतीत हे फार जपा. शिसवाला मुळांवरून फुटवे येतात. बांधालगत दिसणारी दहा खोडं जमिनीखाली एकच झाड असू शकतात. दहा पिशव्या भरून घरी याल आणि आई एकच निघेल.

तीस सापडतच नाहीत, हे मला ठाऊक आहे. दुर्मीळ म्हणजे तेच. खोऱ्यात आठच झाडं असतील तर आठही घ्या, शेजारच्या खोऱ्यातली जोडा, आणि पुन्हा पुढच्या वर्षी त्याच झाडांकडे जा. दर हंगामात पराग वेगळ्या झाडांवरून येतो, म्हणजे आई तीच असली तरी बाप बदलतात.

वेगळं, एकटं उभं असलेलं झाड फळांनी लदलेलं असलं तरी त्याच्याबद्दल शंका धरा. आसपास जोडीदार नसला की बी स्वतःच्याच परागानं धरतं किंवा पोकळ राहतं. नरक्यात नर-मादी झाडं बहुतेक वेगळी असतात, तिथं तर नर जवळ हवाच.

प्रत्येक आईचं बी सारखंच घ्यायचं. एका झाडानं पाटीभर दिलं आणि दुसऱ्यानं मूठभर, तर मूठभरवाल्याच्या मापानं सगळ्यांचं मोजा. चाळीस तर चाळीस. आणि कुठल्याही झाडावरच्या पिकल्या बियांच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. बाकीचं धनेशाचं, उदमांजराचं आणि त्या रानाचं.

झाडाखाली

सुरुवात हिरड्यावर करा. हिरडा भरपूर आहे, चुकलं तर रानाचं काही बिघडत नाही, आणि हात बसतो. मग बिबळ्याकडं वळा.

बिबळा पावसाळा सरताना पिवळा फुलतो आणि हिवाळ्यात शेंगा पिकतात. शेंग गोल, चपटी, भोवतीनं पातळ पंख आणि मधोमध टणक गाठ. बी त्या गाठीत, एक किंवा दोन. शेंगा तपकिरी होऊन वाऱ्यानं उडायच्या आत आकडी लावलेल्या बांबूनं खाली घ्यायच्या. झाडाखाली पडलेल्या वेचू नका. त्यात गेल्या वर्षीच्या आणि शेजारच्या झाडाच्याही असतात. फांद्या तोडायच्या नाहीत. बिबळ्याला तसाही पुरे त्रास झालाय. मधुमेहावर पाणी प्यायला त्याच्या लाकडाचे पेले करतात आणि सालीतून गळणाऱ्या लाल डिंकासाठी खोडावर घाव घालतात.

तिथल्या तिथं वीस शेंगा घ्या आणि गाठ बाजूनं ब्लेडनं कापून बघा. आत पांढरा, घट्ट, नखानं दाबला तर न दबणारा गर असेल तर बी चांगलं. तपकिरी सुरकुतलेलं किंवा रिकामं असेल तर पोकळ. वीसातली बारा-चौदा पोकळ निघाली तर त्या झाडाचं बी न घेता पुढं जा, पण वहीत तसं लिहा. पुढच्या वर्षी तेच झाड भरलेलं असू शकतं.

प्रत्येक झाडाची वेगळी कापडी पिशवी. आत एक चिठ्ठी, बाहेर एक चिठ्ठी, दोन्ही शिसपेन्सिलीनं. शाई पावसात पुसते, पेन्सिल टिकते. वहीत: झाडाचा क्रमांक, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, उंची, उतार कुठल्या दिशेला, जवळचं त्याच जातीचं झाड किती अंतरावर, तारीख, कापून पाहिलेल्या वीसातली भरलेली किती. एवढं पुरे. झाडाच्या खोडावर खिळे ठोकायचे नाहीत.

घरी आल्यावर

बियांचे दोन स्वभाव असतात. बिबळा, शिसव, हिरडा यांचं बी सावलीत सुकवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवता येतं. जांभूळ आणि सीताअशोक यांचं नाही. ते सुकलं की मेलं. जांभळाचं बी दोन-तीन आठवड्यांत दम सोडतं. अशी बियाणं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणायची आणि गर धुऊन लगेच पेरायची. सीताअशोक म्हणजे लाल-केशरी फुलांचा. शाळांच्या फाटकाशी सरळ उभा असतो तो नव्हे.

बिबळ्याच्या शेंगेचे पंख कात्रीनं कापून, गाठ एक दिवस-रात्र पाण्यात ठेवून पेरते. हिरड्याच्या आठोळीचं रुंद टोक आतल्या बीला धक्का न लावता छाटायचं आणि छत्तीस तास थंड पाण्यात ठेवायचं. पिशवीत पोयटा, वाळू आणि कुजलेलं शेणखत. कुठलंही खास मिश्रण लागत नाही.

आता रोपवाटिकेतली सगळ्यात मोठी चोरी, जी चोरी म्हणून कुणाला दिसत नाही. बी उगवताना काही दोन आठवड्यांत वर येतं, काही महिनाभर रेंगाळतं. माळी लवकर आलेली, उंच झालेली रोपं पुढच्या रांगेत लावतो, मागची फेकून देतो आणि तीच पिशवी परत भरतो. गिऱ्हाईकही उंच रोपच उचलतं. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला तर माणसाएवढंच रोप लागतं, पाहुण्यांच्या फोटोत दिसायला हवं ना! झालं. तीस आयांमधल्या पाच-सहा घाईच्या आयांचीच लेकरं रानात पोचतात. घाई हा झारीच्या पाण्यावरचा गुण आहे. पाऊस एक सर देऊन पंधरा दिवस गायब झाला तर लवकर उगवलेलंच आधी जळतं, आणि मातीत दडून बसलेलं बी वाचतं.

म्हणून पिशव्या आईनुसार वेगळ्या रांगेत, रांगेच्या टोकाला पत्र्याच्या पट्टीवर क्रमांक. उशिरा आलेल्यांना तेवढीच जागा. फक्त रोगट आणि मोडकी काढायची. मी रोपं देते ती सगळ्या आयांची मिळून देते, निवडू देत नाही. काही गिऱ्हाइकं रागावून दुसरीकडं गेली, जाऊ देत.

लावायच्या आधी दोन महिने शेडनेट काढा आणि पाणी हळूहळू तोडा. दुपारी पान थोडं मलूल झालं तरी संध्याकाळी सावरतंय ना बघा. सावरत असेल तर पाणी घालू नका.

लावताना

एका शाळेत एक, एका देवळात एक असं दुर्मीळ झाड वाटू नका. ते शोभेचं होतं, बी धरत नाही. एका जागी निदान वीस-तीस लावा, मधमाशीच्या फेरीत येतील अशी. नरक्याचा नर कुठला, मादी कुठली हे फुलल्याशिवाय कळत नाही, म्हणून गट मोठाच हवा. आणि एका आईची दोन रोपं शेजारी येणार नाहीत असं मिसळा.

जमेल त्यानं छोटी चाचणी जरूर करावी. वीस आया, तीन जागा: एक पाटण-जावळीकडं, एक कोरेगावच्या आसपास मध्यम पावसात, एक खटावच्या कोरड्या बाजूला. प्रत्येक जागी सहा पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्यात प्रत्येक आईचं एकेक रोप. पट्ट्यातला क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर नकळत आवडत्या आईला चांगली माती मिळते. जागेवर १२० रोपं, तीन बाय तीन मीटरनं लावली तर अकरा गुंठ्यांत बसतात. पहिल्या उन्हाळ्यात सगळ्यांना सारखंच पाणी, पुढं बंद. वर्षातून दोनदा, ऑक्टोबरात आणि मेच्या शेवटी, जिवंत आहे का, उंची किती, आणि बुंध्याची जाडी किती, एवढं लिहायचं. जाडी व्हर्नियर कॅलिपरनं, जमिनीपासून बोटभर वर. उंचीपेक्षा मी जाडीवर जास्त भरवसा ठेवते. उंच आणि काटकुळं रोप पहिल्या कोरड्या वाऱ्यात मान टाकतं.

तिसऱ्या मेपर्यंत निकाल काढू नका. पहिल्या वर्षी दिसते ती बीची शिदोरी आणि तुमचं पाणी. निकाल आला की बहुतेकांना जिंकलेल्या दोन-तीन आयांकडं धावायचं असतं, म्हणजे परत तिथंच. त्याऐवजी तिन्ही जागी पार हरलेल्या आया पुढच्या संकलनातून वगळा आणि बाकी सगळ्या ठेवा. एका जागी मागं पडलेली आई दुसरीकडं पुढं असते, आणि दोन्ही जागांचं हवामान पुढं बदलणारच आहे. चाचणीतली झाडं फुलायला लागली की तीच तुमची बी-बाग. तीन खोऱ्यांतल्या आयांची लेकरं तिथं एकमेकांत मिसळतील.

मेलेल्या रोपाच्या खड्ड्यात दुसरं रोप लावायचा मोह होतो. चाचणीत लावू नका. क्रमांकाची पट्टी तिथंच राहू द्या आणि वहीत त्या क्रमांकापुढं मेल्याची तारीख लिहा. रान वाढवायच्या जागेत लावलंत तर चालेल, पण ज्या आईची रोपं कमी उरलीत तिचं लावा. आणि वहीच्या पानांचे फोटो काढून आणखी दोघांकडे ठेवा, त्यातला एक तरी तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असावा.